जुन्या जीपचा जीर्णोद्धार आणि अस्सलपणाचा प्रश्न

१

अस्सल आणि नक्कल यांचा विवेक हा मराठी इतिहाससंशोधनाचा पाया होय. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा बखरींपेक्षा समकालीन पत्रांना अधिक प्रामाण्य देण्याची भूमिका त्यांनी आग्रहाने मांडली. तेव्हापासून कागद, शाई, वळण, मोडी अक्षर व कालगणना यांच्या आधारे लेखांची चिकित्सा करण्याची शिस्त महाराष्ट्रात रुजली. तथापि विसाव्या शतकाच्या इतिहासाची सारीच साधने कागदी नाहीत. यंत्र हेही साधन आहे. आणि वापरात राहिलेले जुने यंत्र तर अनेक हातांनी लिहिल्या गेलेल्या पोथीसारखे असते. अशा यंत्राचा जीर्णोद्धार करणारा मनुष्य, त्याच्या ध्यानी येवो वा न येवो, संपादकाचेच काम करीत असतो. कोणता भाग मूळचा, कोणता मागाहूनचा, आणि मागाहूनचा भाग ठेवावा की काढावा, हे त्याला ठरवावे लागते. महाराष्ट्रात हा प्रश्न जितका जुन्या जीपगाड्यांच्या बाबतीत स्पष्ट होतो, तितका तो अन्य वाहनांच्या बाबतीत क्वचितच होत असेल.

२

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलीज व फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानातील लष्कराने विक्रीस काढलेल्या गाड्या खाजगी मालकांच्या हाती आल्या. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या ‘महिंद्रा अँड महंमद’ या कंपनीचे एक भागीदार मलिक गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीने ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ हे नाव धारण केले. याच कंपनीने मुंबईत माझगाव येथे सुट्या भागांतून जीप जुळविण्यास प्रारंभ केला.

या घटनेमागे सरकारी धोरणाचे बळ होते. १९४९ मध्ये तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर, ज्या कंपन्यांपाशी देशात उत्पादन करण्याची योजना नव्हती त्यांना येथील काम आवरते घ्यावे लागले. १९२८ पासून मुंबईत मोटारी जुळविणारी जनरल मोटर्स कंपनी १९५४ मध्ये बाहेर पडली. परिणामी जे वाहन एकदा देशात आले वा येथे बनले, ते टाकून देणे मालकाला परवडणारे नव्हते. नवे मिळणे दुर्घट, म्हणून जुने चालविणे अपरिहार्य, अशी ही परिस्थिती होती.

विलीजने १९५३ मध्ये बाजारात आणलेला ‘सीजे-३बी’ हा नमुना अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाला. भारतात मात्र तो त्यानंतरही दीर्घकाळ निघत राहिला. या नमुन्याचे उंच बॉनेट हा त्याचा ओळखीचा पुरावा मानता येईल. युद्धकालीन इंजिनाच्या दोन्ही झडपा ठोकळ्यातच बसविलेल्या होत्या. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात हवा आत घेणारी झडप माथ्यावर गेली, इंजिनाची उंची वाढली, आणि तिला सामावून घेण्यासाठी बॉनेटही वर उचलावे लागले. दोन्ही इंजिनांचे आकारमान मात्र एकच, सुमारे २.२ लिटर, होते.

३

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, आणि अधिक पेट्रोल पिणारी जीप चालविणे कठीण झाले. अनेक मालकांनी मूळ पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी डिझेल इंजिन बसविले. पुढे कंपनीनेही प्यूजो परवान्याचे डिझेल इंजिन आपल्या जीपगाड्यांत घातले. सहा व्होल्टच्या विद्युत्-योजनेच्या जागी बारा व्होल्टची योजना आली. कापडी छताच्या जागी पत्र्याचे छत आले, मागील बाके लांबविली गेली. सुकाणू डाव्या बाजूस असल्याने मागून येणाऱ्याला सावध करण्यासाठी मागील फळीवर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ ही अक्षरे रंगविली गेली. यातील प्रत्येक बदलामागे इंधनाचा भाव, रस्त्याची स्थिती, प्रवाशांची संख्या किंवा सुट्या भागांची टंचाई यांपैकी काही ना काही कारण होते. म्हणजेच हे बदल आर्थिक इतिहासाचे लेख आहेत.

४

अशा गाडीचा जीर्णोद्धार घरगुती कर्मशाळेत कसा होऊ शकतो, हे पाहण्यास कोपरखैरणे हे स्थान उपयुक्त आहे. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने आगरी-कोळ्यांच्या जुन्या गावाभोवती येथे लहान भूखंडांची वसाहत उभी केली. तिच्या पूर्वेस ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, तर पश्चिमेस ठाण्याची खाडी आहे. घरापुढील मोकळ्या जागेत गाडी उभी करून काम करणाऱ्यास लेथ, वेल्डिंग व झडपा घासून देणारे कारागीर दूर शोधावे लागत नाहीत. नवा मिळत नसलेला भाग घडवून घेता येतो. दुसऱ्या बाजूने, खाडीची दमट व खारट हवा पत्र्याची आणि विद्युत्-जोडांची शत्रू आहे. एकच भूगोल दुरुस्तीला साधन पुरवितो आणि बिघाडाला कारणही.

बिघाड शोधण्याची रीत ही चिकित्सेचीच रीत होय. पेट्रोल इंजिन चालू होत नसेल, तर तीन गोष्टी क्रमाने तपासावयाच्या असतात: इंधन पोहोचते काय, ठिणगी पडते काय, आणि सिलिंडरात दाब तयार होतो काय. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा येथील पहिला नियम. दोन भाग एकदम बदलले तर दोष कशात होता हे कायमचे अज्ञात राहते. सहा व्होल्टच्या गाडीत तर गंजलेला जोड विशेष घातक ठरतो. तेवढ्याच शक्तीसाठी बारा व्होल्टच्या मानाने दुप्पट प्रवाह लागतो. त्यामुळे त्याच जोडातील विद्युत्-दाबाची घट दुप्पट होते, आणि मूळ दाब निम्माच असल्याने तिचे प्रमाण चौपट होते. म्हणून स्टार्टर मंद फिरू लागताच तो बदलण्यापूर्वी चासीला जोडलेली अर्थची तार उघडून घासून पाहावी.

इंधनानेही नवा प्रश्न उभा केला आहे. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या प्रतीचे रबर फुगविते वा ठिसूळ करते. त्यामुळे पंपाचा पडदा व रबरी नळ्या मूळच्या ठेवण्याचा आग्रह धरणे गाडीला आगीच्या धोक्यात लोटण्यासारखे आहे. अस्सलपणाच्या आग्रहाला येथे सुरक्षिततेची मर्यादा पडते.

५

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी नियम केले. प्रथम नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात राखलेली, आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने या वर्गात येतात. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व मुदत १० वर्षे ठरविण्यात आली. अनिर्बंध फेरबदलांना आळा घालणे हा नियमाचा एक न्याय्य हेतू आहे. परंतु त्यामुळे एक विसंगती उत्पन्न होते. जी गाडी संस्थानिकाच्या वा धनिकाच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवली गेली, ती ‘मूळ’ ठरते. जी गाडी पन्नास वर्षे घाटरस्त्यांवर राबली आणि इंजिन बदलले म्हणूनच वाचली, ती या कसोटीस उतरत नाही. साहजिकच मालकाची प्रवृत्ती डिझेल इंजिन उतरवून जुने पेट्रोल इंजिन शोधण्याकडे व मागील फळीवरील अक्षरे खरवडण्याकडे वळते. गाडी नवी दिसू लागते. तिच्या भारतीय आयुष्याचा पुरावा मात्र भंगारात जातो.

अमेरिकेतील ‘ड्यून बगी’ या वाहनाचा इतिहास येथे तुलनेसाठी घेण्यासारखा आहे. बोटी बांधण्याचा अनुभव असलेल्या ब्रूस मेयर्स यांनी १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात वाळूवर धावणाऱ्या गाडीसाठी फायबरग्लासची बॉडी घडविली. पहिल्या काही गाड्यांनंतर ही बॉडी फोक्सवॅगन बीटलच्या सुमारे १४ इंचांनी आखूड केलेल्या तळावर बसविली जाऊ लागली. मेयर्स यांचे पेटंट न्यायालयात टिकले नाही, आणि असंख्य नकला निघाल्या. म्हणजे फेरबदल हाच या वाहनाचा जन्म होता. तरीही मेयर्स यांची पहिली गाडी २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत दाखल झाली. घरगुती कर्मशाळेत कापलेले व जोडलेले यंत्रही इतिहासाचे साधन ठरू शकते, ही दृष्टी तेथे मान्य झाली. भारतातील डिझेल जीपला ती दृष्टी अद्याप लाभलेली नाही.

६

या पेचातून सुटण्याचा मार्ग महाराष्ट्राच्याच विद्यापरंपरेत सापडतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे त्याचे उदाहरण. वि. स. सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी मागाहून शिरलेले श्लोक मुख्य संहितेतून वेगळे केले. पण ते नष्ट केले नाहीत. तळटीपांत व परिशिष्टांत त्यांना स्थान दिले. त्यामुळे उत्तरकालीन समाजाने त्या ग्रंथात काय घातले, हेही अभ्यासकांस उपलब्ध राहिले.

जीपच्या जीर्णोद्धारकास हेच धोरण स्वीकारता येईल. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक बाजूची छायाचित्रे घ्यावीत. चासी व इंजिन यांचे क्रमांक, नोंदणीपुस्तकातील फेरबदलांच्या नोंदी, आणि रंगाचे एकाखाली एक निघणारे थर टिपून ठेवावेत. उतरविलेल्या भागास चिठ्ठी बांधून तो जपावा, आणि तो ज्या कारागिराने घडविला त्याची आठवण मिळत असेल तर तीही लिहून घ्यावी. हातोडा उचलण्यापूर्वी वही उघडावी, एवढाच याचा अर्थ. गाडी रस्त्यावर कोणत्या स्वरूपात धावावी हा मालकाचा अधिकार आहे. पण पाठभेद पुसून टाकण्याचा अधिकार चांगला संपादक स्वतःकडे घेत नाही. ज्या इंजिनबदलाने जीप जगली, तो बदल तिच्या चरित्रातील प्रक्षेप नसून एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्याचे लेखन अद्याप व्हावयाचे आहे.