मोऱ्याची दारू आणि ‘ब्रँडीची बाटली’

उरणनजीकचे मोरा बंदर आज वाचकांस ठाऊक असते ते मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून येणाऱ्या लाँचींमुळे. एकोणिसाव्या शतकात त्याची ख्याती निराळी होती. उरण त्या वेळी पनवेल तालुक्याचा पोटविभाग होता. तेथील भट्ट्यांत मोहाची दारू गाळली जाई व ती समुद्रमार्गे मुंबईस जाई. ज्या शहराची तहान या किनाऱ्याने भागविली, तेथेच १ ऑगस्ट १९३९ रोजी दारूबंदी जारी झाली. आणि त्याच वर्षी ‘ब्रँडीची बाटली’ हा बोलपट निघाला.

कथा आचार्य अत्रे यांची, दिग्दर्शन मास्टर विनायक यांचे, संस्था हंस पिक्चर्स. दामुअण्णा मालवणकरांचा बगाराम हा म्युनिसिपालिटीतील भित्रा कारकून. मीनाक्षीच्या मालतीचा भाऊ आजारी. त्याच्या औषधाकरिता ब्रँडी हवी, आणि ब्रँडी म्हणजे काय हेच या सत्पुरुषास ठाऊक नाही! बाटलीचा शोध हाच सारा बोलपट.

‘ब्रह्मचारी’चे नाव अद्याप निघते; या चित्राचे क्वचितच. संग्राहक मात्र त्याच्या मागावर असतात. त्या काळची नायट्रेटची फिल्म झटकन पेट घेई, न पेटली तर कुजे, आणि तीतील चांदीसाठी जुन्या प्रती वितळविल्याही जात. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर जे टिकले ते बहुधा कागदावर: जाहिराती, छायाचित्रे आणि थिएटरात विकली जाणारी गाण्यांची चोपडी. तीत कथानकाचा सारांश असे व ऐन पेचाशी येताच ‘पुढे पडद्यावर पाहा’ म्हणून तो थांबे. दुर्मिळ म्हणून तिला काचेत कोंडणारे रसिक आहेत. ती उघडून वाचणारे थोडे, ही आमची तक्रार.

कारण विनोदी चित्राची गोष्ट संतपटासारखी नाही. तुकोबांवरील बोलपट नाहीसा झाला तरी तुकोबांची कथा घरोघर उरेल. बगारामाचे भय त्या एका वर्षाचे आहे. बाटली हाती दिसली तर लोक काय म्हणतील, ही पांढरपेशा कारकुनाची धास्ती सरकारी दप्तरांत कोण नोंदविणार? ट्रंकेच्या तळाची चोपडी रद्दीत गेली की तीही गेली.

मुंबई दारूबंदी कायद्यात, जो १९४९ सालचा, निकडीच्या प्रसंगी घरात औषधाकरिता मद्य बाळगण्याच्या परवान्याचे कलम आहे. त्यात मद्यांची जी नावे दिली आहेत, त्यांत ब्रँडी पहिली.