हबसीगुड्यातला शुक्राणूंचा अभ्यास

काचीगुड्याहून उप्पलकडे निघालं की तार्नाक्यानंतर हबसीगुडा लागतं. तिथली सीसीएमबी, म्हणजे सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी, आपण हैदराबादकरांनी बाहेरून तरी पाहिलेली असते. आपल्या मंडळात आपण देवड्या, समाध्या आणि जुन्या मराठी शाळांबद्दल लिहितो. पण या प्रयोगशाळेचा इतिहासही आपल्याच शहराचा आहे, आणि त्यातला एक धागा थेट घराघरांतल्या दुःखाशी जाऊन भिडतो.

मूल होत नसलं की पहिलं बोट बाईकडे जातं. ‘वांझ’ हा शब्द आपण तिलाच लावतो. पुरुषासाठी तसा रोजच्या बोलण्यातला शब्दच नाही. ‘नपुंसक’ म्हणावं तर त्याचा अर्थ वेगळा. संबंधाला पूर्ण समर्थ असलेल्या पुरुषाच्या वीर्यातही शुक्राणू नसू शकतात, हे भाषेला ठाऊकच नाही म्हणा ना!

या संस्थेचे संस्थापक डॉ. पुष्प मित्र भार्गव. जन्म १९२८, अजमेरचा. १९५० साली ते हैदराबादेत आले आणि पुढे अमेरिकेला गेले. १९५६-५७ मध्ये लंडनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये असताना त्यांनी वळूच्या शुक्राणूंवर काम केलं. शुक्राणू म्हणजे वडिलांकडचा वारसा पोहोचवणारा निव्वळ हरकारा, स्वतः काही न घडवणारा, अशी तेव्हाची समजूत. भार्गव आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी खूण केलेली अमिनो आम्लं शुक्राणूंना दिली, तर ती त्यांच्या प्रथिनांत गेलेली आढळली. म्हणजे हरकारा वाटेत कामही करत होता.

१९५८ मध्ये भार्गव हैदराबादला परतले, ते रीजनल रिसर्च लॅबोरेटरीत. शुक्राणूचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९७२ मध्ये प्रेमकुमार यांच्याबरोबर त्याच विषयावरचा निबंध ‘नेचर न्यू बायॉलॉजी’त छापून आला. १९७७ साली याच लॅबोरेटरीतून सीसीएमबी वेगळी निघाली.

मग लक्ष गेलं ते शुक्राणू ज्यात पोहतात त्या द्रवाकडे. १९७९ मध्ये रेड्डी आणि भार्गव यांनी ‘नेचर’मध्ये वळूच्या वीर्यातल्या एका प्रथिनाची माहिती दिली. नाव ठेवलं सेमिनलप्लाझमिन. ते जिवाणू मारतं. कसं, तर जिवाणूच्या रायबोसोमला लागणारा आरएनए तयार होणंच थांबवतं. तिकडे अमेरिकेत विस्कॉन्सिनला हेन्री लार्डी यांच्या गटाला वळूच्याच वीर्यात ‘कॅल्ट्रिन’ नावाचं प्रथिन सापडलं होतं. ते शुक्राणूत कॅल्शियम शिरू देत नाही. फलनाच्या आधी शुक्राणूला कॅल्शियम लागतं, पण योग्य वेळी. त्यामुळे ही अडवणूक महत्त्वाची. १९८६ मध्ये सीताराम, कुमारी आणि भार्गव यांनी दाखवून दिलं, की ही दोन प्रथिनं नाहीतच. नावं दोन, प्रथिन एकच! एका गटाला त्याचं जिवाणूंवरचं काम दिसलं, दुसऱ्याला शुक्राणूवरचं. या सगळ्या अभ्यासाचं एकत्रित पुस्तक शिवाजी, शाइट आणि भार्गव यांनी १९९० साली काढलं.

प्राण्यांकडून माणसाकडे येणारा टप्पा पुढच्या पिढीचा. के. थंगराज, लालजी सिंग आणि सहकाऱ्यांनी वीर्यात शुक्राणू अजिबात नसलेले ३४० भारतीय पुरुष तपासले. २९ जणांच्या, म्हणजे ८.५ टक्क्यांच्या, वाय गुणसूत्राचा काही तुकडा गळालेला निघाला. हा निबंध २००३ चा. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आईचा किंवा बायकोचा त्यात काडीचा संबंध नाही. उरलेल्यांची कारणं वेगळी असणार. पण कारण पुरुषाच्या शरीरात असू शकतं आणि ते तपासता येतं, एवढं तरी यातून स्पष्ट झालं.

आणि तो लंडनमधला जुना प्रश्न? त्या प्रथिननिर्मितीचं श्रेय बरीच वर्षं फक्त मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या जनुकांना दिलं जाई. २००६ मध्ये इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठातल्या गुर आणि ब्राइटबार्ट यांनी दाखवलं, की शुक्राणू केंद्रकातल्या जनुकांची प्रथिनंही तयार करतात, आणि ते काम रोखलं तर त्यांची हालचाल आणि फलनक्षमता घटते. भार्गवांच्या पहिल्या प्रयोगांना तोवर जवळपास पन्नास वर्षं होत आली होती. सुदैवाने ते हे पाहायला हयात होते. १ ऑगस्ट २०१७ रोजी हैदराबादेतच त्यांचं निधन झालं.

हबसीगुड्यावरून जाताना आता त्या इमारतीकडे जरा वेगळ्या नजरेनं बघावं. आणि पुढच्या वेळी घरात कुणी सुनेची तपासणी करायची म्हटलं, तर मुलाचीही त्याच दिवशी करून घ्यावी. वीर्याची तपासणी तशीही सोपी आणि बिनत्रासाची असते.