अनुशासन आणि सदसद्विवेक

२५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी पुकारण्यात आली. ती २१ मार्च १९७७ पर्यंत टिकली. त्या काळातील अटका व वृत्तपत्रांवरील बंधने सर्वांना ठाऊक आहेत. परंतु परंपरा जपणाऱ्या विचारवंतांनी त्या सत्तेचा अर्थ कसा लावला, हा प्रश्न आपल्यासारख्या श्रद्धावंतांना अधिक जवळचा आहे.

मौनव्रतात असलेल्या विनोबा भावे यांनी ‘अनुशासन पर्व’ हे महाभारतातील शब्द लिहून दिले आणि सरकारने त्यांचा गाजावाजा केला. मौन संपल्यावर विनोबांनी खुलासा केला, की सत्तेचे ते शासन, आचार्यांचे ते अनुशासन. तोवर तो पवित्र शब्द सत्तेच्या कामी आला होता.

त्याच वर्षी डिसेंबरात कराडला साहित्य संमेलन भरले. परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते. अध्यक्षा दुर्गा भागवत याही परंपरेच्याच अभ्यासक. परंतु त्यांनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थनेचे आवाहन केले. १९७६ मध्ये त्यांना अटक झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतही हाच प्रश्न उभा होता. स्वतः तुरुंगवास भोगलेले इतिहासकार गेऱ्हार्ड रिटर म्हणत, की हिटलर हे जर्मन परंपरेचे नव्हे, तर फ्रेंच राज्यक्रांतीपासून वाढलेल्या झुंडीच्या राजकारणाचे फळ. यात तथ्य आहे. पण त्यामुळे परंपरा फार सहजपणे निर्दोष ठरते. कॅथलिक धर्मगुरू रोमानो ग्वार्दिनी अधिक खोल गेले. मानवाची सत्ता वाढली, परंतु तिला आवरणारी सदसद्विवेकबुद्धी वाढली नाही, असे त्यांचे निदान होते.

या चर्चेतून आपणही सुटत नाही. २३ मार्च १९३३ रोजी हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याच्या बाजूने कॅथलिकांच्या सेंटर पक्षाने मत दिले होते. ऑगस्ट १९४५ मध्ये फुल्डा येथून काढलेल्या पत्रात जर्मन बिशपांनी कबूल केले, की आपल्यातीलही अनेकजण त्या खोट्या शिकवणीला भुलले.

चंदगडसारख्या आपल्या लहान धर्मग्रामांतही आपण मुलांना आज्ञापालन शिकवितो, आणि ते योग्यच आहे. मात्र आज्ञा देणाऱ्यालाही देवाचा न्याय लागू आहे, हे त्यांना त्याच धड्यात सांगितले पाहिजे. ते न सांगितल्यास आपलीच शिकवण उद्या कुणाच्या हाती कशी वापरली जाईल, हे जर्मनीने आणि आपल्या महाराष्ट्रानेही पाहिले आहे.