नक्षीदार पात्याचे मोल कसे ठरवावे?

वऱ्हाडात धारेच्या वस्तूला घरात आणि शेतात मानाचे स्थान आहे. स्वयंपाकघरातील पावशी, शेतातील विळा आणि कुऱ्हाड, लग्नात टोकाला लिंबू खोवून नवरदेवाने हाती धरलेली कट्यार, ही सारी मूलतः लोहाराच्या भट्टीतून निघालेली. अलीकडे मात्र हाताने घडविलेली सुरी हौसेने सांगून करवून घेणारा एक नवा ग्राहकवर्ग शहरांतून तयार झाला आहे. मुठीला शिसवी लाकूड हवे, त्यात चांदीची तार हवी, पात्यावर नाव कोरलेले हवे, अशी त्याची मागणी असते. घासाघीस सुरू होते ती येथेच. साध्या सुरीची किंमत दोघांनाही ठाऊक असते. नक्षीची किंमत मात्र बहुधा अंदाजाने सांगितली जाते. त्यात कधी ग्राहक नाडला जातो, तर बहुतेक वेळा कारागीर.

पाते वेगळे, मूठ वेगळी

जुन्या काळी हा घोळ कमी होता, कारण कामे वाटलेली होती. पाते घडविणारा लोहार, त्याला झिलई आणि धार देणारा शिकलगार, मुठीवर सोन्या-चांदीची तार बसविणारा कोफ्तगार आणि म्यान शिवणारा कारागीर हे वेगवेगळे असत. मराठेशाहीतील फिरंगी तलवारीचे पाते तर युरोपातून येई आणि मूठ येथे चढविली जाई. त्यामुळे प्रत्येक कामाचा मोबदला आपोआप वेगळा पडे. आज एकच माणूस ही सर्व कामे करतो आणि एकच आकडा सांगतो.

नक्षी धारेहून मोलाची ठरू शकते, याची साक्ष पाहावयाची असल्यास पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते पाहावेत. सुपारी कातरण्याचे काम साध्या लोखंडी अडकित्त्यानेही होते. परंतु संग्राहकाने जपले ते पक्षी, प्राणी आणि मानवाकृतींचे घडीव काम.

हिशेबाची चार अंगे

नक्षीच्या किमतीत चार गोष्टी मोजाव्या लागतात : साहित्य, वेळ, हत्यारांची झीज आणि काम बिघडण्याची जोखीम. ग्राहकाला पहिली गोष्ट दिसते, उरलेल्या तीन दिसत नाहीत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साध्या सुरीला साहित्य ४०० रुपयांचे, काम ६ तासांचे आणि तासाची मजुरी १५० रुपये धरल्यास ९०० रुपये, कोळसा, वीज व हत्यारांची झीज २०० रुपये. एकूण १५०० रुपये. आता मुठीत चांदीच्या तारेची वेल हवी. चांदी लागते अवघी तीन ग्रॅम. पण तारेसाठी खाच कोरणे, तार ठोकून बसविणे आणि घासून एकसारखी करणे यात १० तास जातात, म्हणजे १५०० रुपये मजुरी. दहांत एखादी मूठ तडकते असे मानल्यास मूळ सुरीच्या किमतीचा दहावा हिस्सा, १५० रुपये, जोखमीपोटी धरावा लागतो. झीज सोडली तरी वेलीचे १६५० रुपये होतात, आणि चांदीचा त्या दिवसाचा भाव निराळा. ‘एवढीशी तर चांदी’ असे म्हणणारा ग्राहक हिशेबातील मजुरीकडे दुर्लक्ष करीत असतो.

नक्षी केव्हा सांगितली, यावरही भाव

तीच नक्षी कोणत्या टप्प्यावर करावयाची, यावर किंमत बदलते. मुठीपाशी बसणाऱ्या पितळी पट्टीवर ती बसविण्यापूर्वी कोरीव काम केले आणि बिघडले, तर नुकसान केवळ पट्टीचे. सुरी पूर्ण झाल्यावर तेच काम सांगितले तर सारी वस्तूच पणाला लागते. पात्याचेही तसेच. पाणी देण्यापूर्वी पोलाद मऊ असते, तेव्हा पाठीवर कानशीने वेल काढणे सोपे. पाणी दिल्यानंतर कानस घसरते आणि हत्यारे बोथट होतात. साधे कार्बन पोलाद सुमारे २०० अंश सेल्सियसच्या पुष्कळ पुढे तापले, तर धारेचा कडकपणाही जातो. म्हणून हौस आरंभीच सांगावी.

दमास्कसचे गणित

लाटांसारखी रेषा दिसणाऱ्या ‘दमास्कस’ पात्याला आज मोठी मागणी आहे. दोन प्रकारच्या पोलादांच्या पट्ट्या टाकणखार घालून भट्टीत एकजीव करतात, घडी घालून पुन्हा ठोकतात आणि शेवटी आम्लात बुडवून रेषा उठवितात. येथे थरांच्या संख्येवर दर लावणे फसवे आहे. सात थरांच्या पाच घड्या केल्या की २२४ थर होतात. थर बत्तीसपट झाले, परंतु जोडकाम वाढले ते पाच वेळांचेच. दर घडींवर लावणे न्याय्य. मात्र प्रत्येक तापात लोखंडाची खपली गळून वजन घटते आणि एक जोड कच्चा राहिला तर सारा गोळा वाया जाण्याची भीती असते, हेही मान्य करावे लागते.

नुसत्या आम्लाने वा लेझरने छापलेली नक्षीही याच नावाने विकली जाते. खऱ्या पात्यात रेषा पाठीवरूनही वळून गेलेल्या दिसतात, आणि घासून पुसल्या तरी पुन्हा आम्ल लावताच उमटतात. छापील नक्षी घासल्यावर कायमची जाते.

कायद्याची मर्यादा

हस्तिदंताची मूठ कितीही किंमत देऊन मागू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याचा व्यापार निषिद्ध आहे. सांबरशिंगाचाही मोह टाळावा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरी वा कट्यार शस्त्रांत मोडते आणि अधिसूचित क्षेत्रात तिला परवाना लागतो. घरगुती व शेतीच्या कामासाठी बनविलेली हत्यारे यातून वगळली आहेत. शोभेची कट्यार करवून घेण्यापूर्वी राजापेठेतील रहिवाशाने जवळच्या पोलीस ठाण्यात चौकशी केलेली बरी.

चिठ्ठी मागावी, चिठ्ठी द्यावी

यावर साधा उपाय म्हणजे कलमवार चिठ्ठी. मूळ सुरी, मुठीचे लाकूड, तारकाम, कोरीव नाव, म्यान, प्रत्येकापुढे वेगळी रक्कम आणि चांदीपुढे वजन लिहावे. साहित्याचे पैसे आगाऊ द्यावेत. किंमत आवाक्याबाहेर गेली, तर ग्राहकाने एखादे कलम खोडावे. कारागिराच्या तासाचा दर खोडू नये. वेल गाळली तरी सुरी कापतेच, पण पुरेशी मजुरी न मिळालेला कारागीर पहिली काटकसर पात्याला पाणी देण्याच्या कामात करतो, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.