प्रवरेच्या काठचा रथ



विहाराच्या वर्धापनदिनी आपण भगवान बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा इतिहास सांगतोच. आज त्याहून जुन्या काळाबद्दल चार शब्द लिहितो.

सिंधू नदीच्या खोऱ्यातलं मोहेंजोदडो कसं सापडलं? राखालदास बॅनर्जी १९२२ च्या सुमारास तिथल्या बौद्ध स्तूपाचं उत्खनन करायला गेले आणि स्तूपाखाली त्याहून दोन हजार वर्षे जुनं शहर निघालं. पक्क्या विटांची घरं, झाकलेली गटारं, नाचणाऱ्या मुलीची वीतभरही नसलेली कांस्यमूर्ती. चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडासुद्धा मिळाला. आपण भिवंडीचे मागवाले. इथे आपले कान टवकारलेच पाहिजेत!

पण सिंधूपर्यंत कशाला? आपल्याच नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल हे तिथले गावकरी सरपणासाठी झुडपाचं बूड खणत होते. मातीतून चार मूर्ती वर आल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. रथ ४५ सें.मी. लांब. हाकणारा उभा, आणि पुढे दांडीवर चक्क एक कुत्रा! चौघांचं वजन मिळून साठ किलोवर.

पुढे १९७५ ते १९७९ या काळात डॉ. साळी यांनी तिथे उत्खनन केलं. उत्तर हडप्पा काळाचा थर लागला, सिंधू लिपीची चिन्हं असलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्या. मूर्ती मात्र उत्खननाच्या थरात सापडल्या नव्हत्या, म्हणून त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत एकमत नाही.

आपल्यातले काहीजण आवेशात म्हणतात, सिंधूचे लोक बौद्धच होते, तो दाढीवाला पुतळा बुद्धांचाच. असं बोलू नये. भगवान बुद्ध त्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी झाले. पाहा, तपासा, मग माना, ही आपली शिकवण. खोट्या अभिमानाने दुसरे इतिहास बिघडवतात म्हणून आपण ओरडतो. मग तेच आपण कसं करायचं?

खरा अभिमान वेगळा आहे. त्या मूर्ती ओतणाऱ्या कारागिराचं नाव कुणाला ठाऊक नाही. पण ज्यांच्या हाताने त्या उजेडात आल्या त्या छबू भिलांचं नाव ठाऊक आहे. ते तरी आपण विसरू नये.

मुलांना सुट्टीत राणीबाग दाखवता, तसं मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही दाखवा. दायमाबादच्या मूर्ती तिथे आहेत. आणि मूर्ती दाखवताना भिलांचं नाव सांगा.

जयभीम! नमो बुद्धाय!