आपल्याच सिद्धांताचा मृत्युलेख

जठराग्नि हा शब्द आपल्या नित्याच्या बोलण्यांत इतका मुरलेला आहे कीं, पोटांत खरोखर कसला अग्नि आहे याची चौकशी करावी असें कोणास सहसा वाटत नाहीं. विल्यम प्राउट या इंग्लिश वैद्यानें १८२४ मध्यें जठरांतील आम्ल तें हायड्रोक्लोरिक आम्लच होय असें प्रसिद्ध केलें, आणि तेथून एक कोडें शास्त्रज्ञांच्या मागें लागलें. रक्त हें किंचित् क्षारधर्मी. त्याच रक्तावर पोसलेली जठराची पेशी मात्र असा रस स्रवते कीं, त्यांत हायड्रोजनचे विद्युद्भारित कण, म्हणजे आयन, रक्ताच्या तीस-चाळीस लक्षपट असतात. पाणी उताराकडे वाहावयाचें. येथें तें डोंगर चढतें. त्यास वर चढविणारा कोण?

होरेस डेव्हनपोर्ट (१९१२–२००५) हा अमेरिकन तरुण ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला आला आणि या कोड्याच्या नादीं लागला. कार्बन डायॉक्साइड व पाणी यांचा संयोग अतिशय वेगानें घडवून आणणारें कार्बॉनिक अनहायड्रेज नांवाचें एन्झाइम तांबड्या रक्तपेशींत सांपडून तेव्हां थोडींच वर्षें झालीं होतीं. डेव्हनपोर्टला १९३९ च्या सुमारास तेंच एन्झाइम जठराच्या आम्ल स्रवणाऱ्या पेशींत विपुल आढळलें. मग उपपत्ति जुळण्यास कितीसा वेळ! या संयोगापासून होणारें कार्बॉनिक आम्ल फुटावें, हायड्रोजन जठरांत जावा व बायकार्बोनेट रक्तांत उतरावें. जेवणानंतर रक्ताचें क्षारत्व वाढतें हें पूर्वीच ठाऊक होतें. तेंही या हिशेबांत चपखल बसलें. थायोसायनेट हें द्रव्य एन्झाइम व आम्लस्राव या दोहोंसही आवर घालतें असें त्यानें १९४० मध्यें दाखविलें, तेव्हां तर सिद्धांताची इमारत पुरी झालीसें वाटलें.

परंतु इमारत बांधणारानेंच तिचा पाया उकरून पाहिला. सल्फोनामाइड वर्गांतील द्रव्यें एन्झाइमला अधिक घट्ट जखडून टाकतात. तीं देऊनही आम्ल स्रवतच राहिलें. दुसऱ्या कोणी हा दोष काढला असता तर वादविवादानें दहा वर्षें सहज निघालीं असतीं. डेव्हनपोर्टनें १९४६ मध्यें ‘गॅस्ट्रोएंटरॉलॉजी’ या नियतकालिकांत ‘इन मेमोरिअम’ अशा मथळ्याखालीं स्वतःच्या सिद्धांताचा मृत्युलेखच छापला! ज्या शोधावर नांव झालें त्याच्या प्रेताला स्वहस्तें अग्नि देण्यास जें धैर्य लागतें, तें मला मूळ शोधाच्या बुद्धिमत्तेहून दुर्मिळ वाटतें.

मिशिगन विद्यापीठांत असतां त्यानें प्रश्न उलटा घातला: हें आम्ल जठरास स्वतःलाच कां जाळीत नाहीं? निरोगी अस्तरांतून हायड्रोजन आयन मागें फारसे शिरत नाहींत व सोडियमही बाहेर फारसें पाझरत नाहीं. परंतु आम्लाच्या संगतींत ॲस्पिरिन आलें कीं हा बंदोबस्त मोडतो. आम्ल भिंतींत घुसतें, सोडियम बाहेर येतें आणि रक्तस्रावही होतो. डोकेदुखीवर घरोघरीं घेतल्या जाणाऱ्या गोळीचा हा अपराध १९६० नंतरच्या दशकांत त्याच्या मोजमापांनीं उघड केला.

आणि तो चढ चढविणारा? १९७३ मध्यें गॅन्सर व फोर्टे यांना बेडकाच्या जठरपेशींत पोटॅशियमनें चेतणारें एक एन्झाइम सांपडलें. १९७६ मध्यें जॉर्ज सॅक्स व त्याचे सहकारी यांनीं डुकराच्या जठराच्या पेशीपटलांवर प्रयोग करून दाखविलें कीं, हा एक पंपच आहे. पेशीचें रासायनिक इंधन खर्चून तो हायड्रोजन बाहेर ढकलतो व पोटॅशियम आंत ओढतो. १९८८ मध्यें स्वीडनमध्यें विक्रीस आलेलें ओमेप्राझोल नेमका हाच पंप बंद पाडतें.

मौज अशी कीं, मृत्युलेख थोडा घाईचाच ठरला. ॲसिटाझोलामाइड हें आणखी प्रबळ द्रव्य मोठ्या मात्रेंत दिल्यास आम्लस्राव उतरतो, हें १९५० नंतर लौकरच दिसून आलें. आम्ल बाहेर ढकलतो तो पंप. पण मागें उरणाऱ्या क्षाराचें बायकार्बोनेट करून तें रक्ताच्या वाटेला लावण्याचें काम त्याच जुन्या एन्झाइमकडे आहे. मालक म्हणून ज्यास निरोप दिला, तो घरांत कारभारी म्हणून नांदतच होता. डेव्हनपोर्टला हें सर्व पाहण्याइतकें आयुष्य लाभलें. आणि १९९२ मध्यें, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्यानें जठररसाच्या शोधांचा इतिहासही लिहून प्रसिद्ध केला.