कलम नऊ : शब्द तेच, अर्थ बदलत गेला

आधुनिक जपानचं राजकारण आणि परराष्ट्र धोरण असा आजचा विषय आहे. विषय मोठा आहे, तासाभरात सगळं काही मावणार नाही. म्हणून मी एकच धागा हातात धरणार आहे, तो म्हणजे जपानच्या राज्यघटनेचं नववं कलम.

हे कलम काय सांगतं? दोन गोष्टी सांगतं. पहिली, युद्ध करण्याचा सार्वभौम हक्क जपानी जनता कायमचा सोडून देत आहे आणि आंतरराष्ट्रीय तंटे सोडवण्यासाठी ती बळाचा वापर करणार नाही. दुसरी, त्यासाठी भूदल, नौदल, वायुदल किंवा युद्धाची दुसरी कोणतीही क्षमता बाळगली जाणार नाही. ही घटना ३ मे १९४७ रोजी अंमलात आली. तेव्हापासून तिच्यातला एक शब्दही बदललेला नाही. आपल्या घटनेत शंभराहून अधिक दुरुस्त्या झाल्या, जपानच्या घटनेत एकही नाही. आणि तरीही आज जपानकडे पाणबुड्या आहेत, अत्याधुनिक लढाऊ विमानं आहेत, दोन लाखांहून अधिक सैनिक आहेत. मग हे झालं कसं?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली आणि देश जनरल मॅकआर्थर यांच्या ताब्यात आला. फेब्रुवारी १९४६ मध्ये त्यांच्या मुख्यालयातल्या अधिकाऱ्यांनी जेमतेम आठवडाभरात नव्या घटनेचा मसुदा तयार केला, तोही इंग्रजीत. 'ही घटना आमच्यावर लादली गेली' असं जपानमधले उजव्या विचारांचे लोक आजही म्हणतात ते यामुळे. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. कारण टोकियो जळताना पाहिलेल्या, हिरोशिमा आणि नागासाकी सोसलेल्या लोकांनी हे कलम मनापासून आपलंसं केलं. मसुदा परक्यांनी लिहिला होता, पण त्याची राखण जपानी लोकांनी केली.

गंमत अशी की, ज्यांनी कलम लिहिलं त्यांनाच ते लवकर नकोसं झालं. जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं. जपानमधलं अमेरिकी सैन्य तिकडे गेलं आणि मॅकआर्थर यांनी ७५,००० जणांचं 'राखीव पोलीस दल' उभं करायला सांगितलं. १९५४ मध्ये त्यातूनच स्वसंरक्षण दलं तयार झाली. लक्षात घ्या, 'सेना' हा शब्द टाळला गेला. सरकारचा युक्तिवाद असा होता की, कलमाने युद्ध सोडायला सांगितलं आहे, स्वतःचा बचाव सोडायला नाही. पुढची सत्तर वर्षं या एका वाक्याचा अर्थ ताणण्यातच गेली.

तेव्हाचे पंतप्रधान शिगेरु योशिदा. त्यांचा हिशेब सरळ होता. संरक्षणाचा भार अमेरिकेने उचलावा, आपण कारखाने आणि व्यापार उभा करावा. ८ सप्टेंबर १९५१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत शांतता करार झाला आणि त्याच दिवशी अमेरिकेशी सुरक्षा करारही झाला. स्वातंत्र्य मिळालं, पण अमेरिकी तळ राहिले. इथे भारताचा संबंध येतो. नेहरू सरकारने या परिषदेला जायला नकार दिला. परकं सैन्य तिथेच राहणार असेल आणि ओकिनावासारखी बेटं जपानला परत मिळणार नसतील, तर तो करार बरोबरीचा कसा, असा भारताचा आक्षेप होता. मग ९ जून १९५२ रोजी भारताने जपानशी स्वतंत्र करार केला आणि युद्धाची नुकसानभरपाई मागितली नाही.

आता देशांतर्गत राजकारण पाहू, कारण परराष्ट्र धोरणाची चावी तिथे आहे. १९५५ मध्ये दोन पुराणमतवादी पक्ष एकत्र येऊन लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन झाला. हा पक्ष १९९३ पर्यंत, म्हणजे सलग ३८ वर्षं सत्तेत होता. घटना बदलायची हे त्याचं पहिल्यापासूनचं ध्येय. मग बहुमत असून बदलली का नाही? कारण त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश सदस्य लागतात आणि वर सार्वमतही जिंकावं लागतं. समाजवाद्यांना सत्ता मिळत नव्हती, पण त्यांची आणि इतर विरोधकांची मिळून एक-तृतीयांश ताकद टिकून होती. एकाने राज्य करायचं, दुसऱ्याने अडवून धरायचं! कलम बदलता येत नाही म्हटल्यावर सरकारपुढे एकच वाट उरली, त्याचा अर्थ नव्याने लावण्याची.

लोक किती चिडू शकतात ते १९६० मध्ये दिसलं. पंतप्रधान नोबुसुके किशी यांना सुरक्षा करार नव्या स्वरूपात मंजूर करून घ्यायचा होता. १९ मे च्या रात्री पोलिसांकरवी विरोधी खासदारांना उचलून बाहेर काढलं गेलं आणि मतदान उरकलं गेलं. त्यानंतर लाखो लोक रस्त्यावर उतरले. १५ जूनला संसदेच्या आवारात एका विद्यार्थिनीचा जीव गेला. अमेरिकी अध्यक्ष आयझेनहॉवर यांचा दौरा रद्द झाला. करार टिकला, पण किशींची खुर्ची गेली. त्यांच्यानंतर आलेल्या हायातो इकेदा यांनी घटनेचा विषय गुंडाळून ठेवला आणि दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची घोषणा केली. पुढच्या काळात अण्वस्त्रं बाळगणार नाही, बनवणार नाही, देशात येऊ देणार नाही ही त्रिसूत्री आली. १९७६ मध्ये संरक्षणखर्चाला राष्ट्रीय उत्पन्नाच्या १ टक्क्याची मर्यादाही घातली गेली.

या घडीला पहिला मोठा धक्का बसला १९९१ मध्ये. आखाती युद्धात जपानने सैनिक पाठवले नाहीत, पण तब्बल १३ अब्ज डॉलर दिले. युद्ध संपल्यावर कुवेतने अमेरिकी वृत्तपत्रांत आभाराची जाहिरात दिली, तर त्या देशांच्या यादीत जपानचं नावच नव्हतं! ही बोच टोकियोत खोलवर गेली. १९९२ मध्ये शांतिसेनेचा कायदा झाला आणि जपानी सैनिक कंबोडियात गेले, २००४ मध्ये इराकमध्ये गेले. दर वेळी संसदेत तोच वाद झाला आणि दर वेळी रेघ थोडी पुढे सरकली.

सर्वांत मोठी उडी घेतली किशींच्या नातवाने, शिंझो आबे यांनी. जपानवर हल्ला झाला नसला तरी मित्रदेशासाठी बळ वापरता येईल, असा अर्थ १ जुलै २०१४ रोजी लावला गेला, तोही मंत्रिमंडळाच्या ठरावाने. पुढच्या वर्षी संसदेच्या समितीपुढे तीन घटनातज्ज्ञांची साक्ष झाली. तिघांनीही याला घटनाबाह्य म्हटलं आणि त्यांतल्या एकाला खुद्द सत्ताधारी पक्षाने बोलावलं होतं! तरीही सप्टेंबर २०१५ मध्ये कायदे मंजूर झाले. डिसेंबर २०२२ मध्ये तर शत्रूच्या भूमीवरच्या तळांवर मारा करण्याची क्षमता आणि खर्च २ टक्क्यांपर्यंत नेण्याचं धोरण जाहीर झालं.

याला कारणं आहेत, ती नाकारून चालणार नाही. चीनचं वाढतं नौदल, उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रं, युक्रेनवरचा हल्ला. भारताकडे पाहण्याची जपानची नजरही याच काळात बदलली. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर आपलं नवं कर्ज गोठवणाऱ्या जपानने २०१६ मध्ये आपल्याशी नागरी अणुकरार केला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला त्याने दिलेलं स्वस्त कर्ज ही व्यापारी मदत आहेच, पण चीनकडे पाहून केलेली गुंतवणूकही आहे.

मग कलम नऊ आता मेलं का? मला तसं वाटत नाही. २०१६ च्या निवडणुकीनंतर दुरुस्तीला अनुकूल पक्षांकडे दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश संख्या होती. तरीही आबे यांनी सार्वमत घेतलं नाही, कारण लोक 'नाही' म्हणतील ही धास्ती होती. म्हणजे लगाम अजून आहे, पण तो न्यायालयाच्या हातात नाही. स्वसंरक्षण दलं घटनेत बसतात की नाही, यावर जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने कधीच निकाल दिलेला नाही. लगाम आहे तो लोकांच्या हातात.

आणि खरा प्रश्न इथेच आहे. जपानला सैन्य हवं की नको, यावर दोन प्रामाणिक मतं असू शकतात. पण एवढा मोठा बदल झाला आणि त्यावर जनतेचा कौल एकदाही घेतला गेला नाही. घटनेचे शब्द जसेच्या तसे ठेवून अर्थ बदलत नेला, तर विरोध कमी होतो, सोय होते. मात्र त्या बदलावर लोकांची सही राहत नाही. घटना वाचताना शब्दांबरोबर त्यांचा अर्थ आज कोण लावतो आहे, हेही बघायला हवं. जपानपुरतंच नव्हे, कुठल्याही लोकशाहीत.